नऊ उत्तरपत्रिका, एक चूक

१

मंगळवारी दुपारी परीक्षकबाईंनी सराव परीक्षेचा गठ्ठा सोडला, तेव्हा चहा अजून वाफाळत होता. शेवटच्या उत्तरपत्रिकेपर्यंत तो पार गार झाला, आणि बाईंच्या हातातलं पेन मध्येच थांबलं.

गोष्ट होती चौदाव्या प्रश्नाची. प्रश्न अगदी साधा. 'दोनशे सेंटीमीटर लांबीच्या पट्टीचे पंचवीस सेंटीमीटरचे किती तुकडे होतील?' उत्तर आठ. वर्गातल्या तेहेतीस मुलांनी बरोबर उत्तरं लिहिली होती. नऊ जणांचं मात्र चुकलं होतं, आणि तेही सगळ्यांचं एकसारखं.

हे नऊ कोण? सातवीचा मागचा बाक. वर्षभर चाळीसपैकी आठ, नऊ, फार तर दहा गुणांच्या पुढे न गेलेली मुलं. आज त्यांना सत्तावीस, एकोणतीस, एकतीस पडले होते. एका मुलीला तर चौतीस.

परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. आयुष्याची एकतीस वर्षं त्यांनी पेपर तपासले होते. निवृत्त झाल्यावर घरातला फोन असा मुका झाला, की तो बिघडला तर नाही ना म्हणून त्या अधूनमधून उचलून बघायच्या. मग दोन गल्ल्या पलीकडच्या या शाळेने विचारलं, "वर्षअखेरच्या सामायिक परीक्षेची तयारी करून घ्यायचीय, सराव पेपर तपासून द्याल का?" बाईंनी वाक्य संपायच्या आत होकार दिला. आठवड्यातल्या तीन दुपारी त्या इथे यायच्या, आणि घरी जाताना आपणच शाळेचं काही देणं लागतो अशा भावनेने जायच्या.

त्याच शाळेतल्या नऊ मुलांनी कॉपी केली होती?

दार ढकलून गणिताचे सर आत आले. वय सव्वीस-सत्तावीस, शर्टाच्या बाहीला कायम खडू. आज चेहराही खडूसारखा झाला होता.

"बाई, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पेपरचं पाकीट परीक्षेच्या सकाळी कपाटातून काढलं ना, तेव्हा त्याची चिकटपट्टी कापलेली होती."

२

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या टेबलावर वर्षअखेरच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी होती. ती शुक्रवारी परीक्षा मंडळाकडे जायची होती.

"गैरप्रकार झाला असेल तर त्या मुलाच्या नावापुढे तसा शेरा मारावा लागतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "शेरा मारला की यंदा परीक्षेला बसता येत नाही. आणि सर, पाकीट तुमच्या कपाटात होतं. किल्ली तुमच्याकडे. मुलांचे गुण वाढलेले दाखवायचा मोह कुणालाही होऊ शकतो."



"जरा थांबा," परीक्षकबाई म्हणाल्या. "पेपर दोन प्रकारचे होते. 'अ' आणि 'ब'. प्रश्न तेच, आकडे वेगळे. 'ब' पेपरात पट्टी तीनशेची होती आणि तुकडे पन्नासचे. म्हणजे उत्तर सहा."

"मग?"

"या नऊ जणांपैकी पाच जणांकडे 'अ' होता. त्यांनी लिहिलं सात. चार जणांकडे 'ब' होता. त्यांनी लिहिलं पाच. शेजाऱ्याचं बघून लिहिलं असतं तर आकडा सारखा आला असता. इथे आकडा वेगळा आहे, चूक सारखी आहे. प्रत्येकाने एक तुकडा कमी धरलाय."

"म्हणजे पाकीट फोडून कुणीतरी दोन्ही पेपर बघितले आणि पाठ करून घेतले. चुकीचं पाठ करून घेतलं एवढंच."

परीक्षकबाईंनी उत्तरपत्रिका गोळा केल्या. "शुक्रवारपर्यंत वेळ द्या मला," एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सर जिन्याजवळ थांबले. "तुम्ही माझ्यासाठी एवढं कशाला करताय?"

"तुमच्यासाठी कोण करतंय? चुकीच्या उत्तराला कारण असतं. ते सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही, एवढंच. आता सांगा, पाकीट उघडलंत तेव्हा आत काय होतं? नीट आठवून सांगा."

"बेचाळीस पेपर. एकही कमी नव्हता. घाईत होतो म्हणून वरून उचलले आणि वाटत सुटलो."

"सरळ वाटलेत? एक 'अ', एक 'ब', असे लावून घेतले नाहीत?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "लावावे लागलेच नाहीत. ते आधीच तसे लावलेले होते."

३

छापखान्यातून पेपर येतात ते सगळे 'अ' खाली आणि सगळे 'ब' वर असे. परीक्षकबाईंना हे पाठ होतं. म्हणजे पाकीट फोडणाऱ्याने बेचाळीस कागद एकाआड एक लावले होते. का? तर शेजारी बसलेल्या दोन मुलांना एकच पेपर जाऊ नये म्हणून. कॉपी करवणारा माणूस कॉपी होऊ नये याची काळजी कशाला घेईल?

शाळेत एवढा टापटिपीचा माणूस एकच होता. बाई थेट लिपिकांच्या खोलीत गेल्या. तिथे टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून झोपलेल्या असत.

"पेपर छान लावले होतेत हं," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या.

लिपिकांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि खिशातून रुमाल काढला.

"सर बिचारे रात्रंदिवस राबतात हो. सकाळी वाटताना त्यांची धांदल नको म्हणून आदल्या संध्याकाळी मीच लावून ठेवले. दुसरी किल्ली माझ्याकडे असते. मग कळलं, पाकीट उघडायचं नाही असा हुकूम आहे. माझी तर बोबडीच वळली. बाई, प्रश्न मी एकही वाचला नाही. गणित बघितलं की मला अजून घाम फुटतो."

"हे मोठ्या बाईंना सांगाल?"

"सांगतो. सरांवर येतंय म्हटल्यावर सांगायलाच हवं."

अर्धा गुंता सुटला. सरांवरचा आळ उतरला. पण नऊ मुलं तशीच अडकून राहिली, कारण एक तुकडा कमी कुठून आला हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी उत्तरपत्रिका पुन्हा पसरल्या. आता गुण नाही, कच्चं काम बघायचं. दोन गोष्टी नजरेत भरल्या. नऊही मुलांनी अपूर्णांकांची गणितं सोडवताना सगळ्याचे आठ भाग केले होते. पाऊण वजा अर्धा. सर शिकवत त्याप्रमाणे छेद चार पुरला असता, पण नऊही जणांनी सहा अष्टमांशातून चार अष्टमांश काढले होते. उत्तर बरोबर, वाट भलतीच. आणि चौदाव्या प्रश्नाच्या समासात 'अ' पेपरवाल्या एका मुलाने लिहिलं होतं, सात गुणिले दोन बरोबर चौदा. 'ब' पेपरवाल्या एका मुलीने लिहिलं होतं, पाच गुणिले दोन बरोबर दहा.

सातचं बाईंना कळलं. पट्टीचे आठ तुकडे करायला सात वेळा कापावं लागतं. पण दर वेळी दोन? दोन काय?

"सर, हे आठ-आठ भाग तुम्ही शिकवलेत?"

"नाही." सरांनी मान खाली घातली. "खरं सांगू? या नऊ जणांना दोन महिन्यांत ज्यादा तासांना मी काहीच शिकवलेलं नाही."

४

झालं होतं असं. परीक्षा तोंडावर आली तेव्हा शाळेने ज्यादा तास सुरू केले. मोठ्या बाईंनी ठरवलं, ज्यांच्याकडून आशा आहे त्यांच्यावर जोर द्यायचा. दहापर्यंत गुण असलेल्यांनी त्या वेळात वाचनालयात बसावं. सरांना ते पटलं नव्हतं, पण नोकरी नवी होती. ते गप्प बसले. पुढे वाचनालयाचं कुलूप बिघडलं, दार उघडेना, आणि ही मुलं त्या तासाला कुठे जातात हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

"मला रोज वाटायचं," सर म्हणाले, "की उद्या विचारू."

बुधवारी परीक्षकबाईंनी नऊ जणांना एकेक करून बोलावलं. पहिला आला लांब्या. सातवीत असून दाराच्या चौकटीला डोकं टेकेल की काय असा.

"आम्ही कॉपी केलेली नाही," त्याने बसण्याआधीच सांगून टाकलं.

"माहितीये मला. शिकवलं कुणी ते सांग."

लांब्याच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. पुढच्या सात जणांचं तेच. शेरा पडेल म्हटलं तरी गप्प. यंदा परीक्षेला बसता येणार नाही म्हटलं तेव्हा एकाचे डोळे भरून आले, पण तोही बोलला नाही. स्वतःला वाचवण्यासाठी मुलं खोटं बोलतात हे बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. इथे ही पोरं दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होती.

शेवटी आली चिमणी. वर्गातली सगळ्यांत बुटकी, चौतीस गुणवाली. बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. कागद पुढे सरकवला. "हे एक सोडव बघू. अर्ध्यातून तीन अष्टमांश गेले."

चिमणीने कागदाला हातसुद्धा लावला नाही. अंगठा आणि तर्जनी थोडी लांब धरून ती पुटपुटली, "चार सूत… तीन सूत गेले… एक सूत." आणि दचकून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"एक अष्टमांश. अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "जा तू."

सूत! बाई तडक शिवणाच्या वर्गात गेल्या. शिवणबाई गळ्यात टेप अडकवून कापड बेतत होत्या. वर्गाची खिडकी मागच्या अंगणाकडे उघडत होती आणि मुलं तिथे घुटमळताना दिसायची, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

"पण मी नाही हो शिकवलं त्यांना. शिकवलं असतं तर मीच मिरवलं असतं! आणि सूत कसलं? आमच्याकडे दोरा म्हणतात."

"मला एक करून दाखवता? ही कापडाची पट्टी दोनशे सेंटीमीटर आहे असं समजा. पंचवीसचे तुकडे करा."

शिवणबाईंनी कात्री चालवली. कर्र, कर्र. आठ तुकडे टेबलावर पडले. त्यांनी ते एकमेकांना लावून ठेवले. "हे बघा, आहे तेवढंच. कात्री काय कापड खाते होय?"

परीक्षकबाई एकदम उठल्या. त्यांची खुर्ची मागच्या मागे पडली.

"काय झालं हो?"

"कात्री खात नाही," बाई म्हणाल्या. "पण जे खातं, ते कुठे आहे?"

५

मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये तीन महिन्यांपासून शाळेचे मोडके बाक दुरुस्त होत होते. मिस्त्री एकटाच होता. पन्नाशीचा, भुवयांवरसुद्धा भुसा. बाई आत शिरल्या तेव्हा तो एका फळीवर चपट्या पेन्सिलीने खूण करत होता. खूण केली, करवत रेघेच्या बाहेरून धरली आणि ओढली. पिवळा भुसा भुरभुरत खाली पडला.

"मिस्त्री, करवत एका वेळेला किती खाते?"

"दोन मिलिमीटर," तो वर न बघता म्हणाला. "म्हणून दोन मीटरच्या फळीतून पाव मीटरचे आठ तुकडे कधीच निघत नाहीत. सातच पुरे निघतात. आठवा चौदा मिलिमीटरने तोकडा पडतो." मग त्याने वर बघितलं, कोण आलंय ते त्याला कळलं, आणि हातातली करवत खाली आली.

बाईंनी शेडभर नजर फिरवली. भिंतीला एक लांब फळी टेकवली होती. तिच्या बरोब्बर मध्ये शून्य, उजवीकडे एक-दोन-तीन, डावीकडे ऋण एक, ऋण दोन. आकडे नऊ वेगवेगळ्या हातांचे. एका खोक्यात लाकडाचे अर्धे, पाव, अष्टमांश तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले, कुणाच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून.

"इंचाचे आठ सूत," बाई म्हणाल्या. "मला शिवणाचं सूत वाटलं."

"बाई, पोरांची काही चूक नाही," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "कामाच्या जागी पोरांना येऊ द्यायचं नाही असं ठेकेदाराने बजावलंय. कळलं तर मला काढतील. म्हणून मीच म्हटलं होतं, माझं नाव घेऊ नका."

"एकाचे तर डोळे भरून आले, पण कुणीही घेतलं नाही."

मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. मुलांवर शेरा पडणार आहे हे त्याला माहीतच नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. भुसा उडाला.

"आधी आली ती चिमणी. रिकामी बसली होती पायरीवर. मी तिला म्हटलं, एवढं वाचून दाखव." तो थांबला. मग बाईंच्या डोळ्यांत बघत त्याने वाक्य पुरं केलं. "मला वाचता येत नाही, बाई. बाकांचे नकाशे आले ते छापील, बाजूला सूचना. माप डोळ्याला कळतं, आकडे कळतात, अक्षर नाही कळत. ठेकेदाराला सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं. ही पोरं रोज येऊन वाचून दाखवायला लागली. फुकट कसं घ्यायचं? माझ्याकडे दुसरं काय होतं? फळ्या होत्या. म्हटलं, चला, तुमचं गणित काढा."

बाईंनी खोक्यातला एक तुकडा उचलून हातात फिरवला. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो मुलांच्या चुकांवर लाल रेघ मारली होती. आज ज्या उत्तरावर मारली, ते उत्तर त्यांच्यापेक्षा शहाणं निघालं होतं.

"मी मोठ्या बाईंना सांगितल्याशिवाय मुलं सुटत नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण न वाचता येण्याचं मी सांगणार नाही. ते तुमचं आहे."

"आणि माझी नोकरी?"

बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. मिस्त्रीने हात झटकले, पिंपातल्या पाण्याने तोंड धुतलं, आणि कोपऱ्यातला सदरा अंगात चढवला.

"चला," तो म्हणाला. "माझं तोंड आहे ना मला."

६

मोठ्या बाईंच्या खोलीत त्या दुपारी लिपिक होते, सर होते, दाराबाहेर नऊ मुलं होती. लिपिकांचं पाकिटाबद्दल सांगून झालं होतं. परीक्षकबाईंनी टेबलावर उत्तरपत्रिका मांडल्या आणि एकेक पायरी उलगडली. शेजाऱ्याचं बघितलं असतं तर आकडे सारखे आले असते. पाठांतर केलं असतं तर कच्चं काम नसतं. आठ भाग करणारा म्हणजे सुताची मापं वापरणारा माणूस. दर कापाला दोन धरणारा म्हणजे करवतीचा माणूस. परीक्षेच्या कागदावर पट्टी सरळ तुटते, म्हणून उत्तर आठ. खऱ्या लाकडात ती सात.

"या मुलांनी उत्तर चोरलं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना कुणीतरी शिकवलं, आणि ते आपण नव्हतो."

मग मिस्त्री बोलला. फार नाही बोलला. वाचता न येण्याचंही त्याने स्वतःच सांगितलं, सरळ उभं राहून, माप सांगावं तसं. दाराबाहेर कुणीतरी हुंदका दिला. बहुतेक चिमणी.

मोठ्या बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "आशा नसलेली मुलं असं मी लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, फाइलला आहे." मग त्या वळल्या आणि मिस्त्रीसमोर येऊन त्यांनी हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. ठेकेदाराशी मी बोलते. शेडमध्ये मुलं माझ्या परवानगीने येत होती असं आजच्या तारखेने कळवते. आजपासून तसं आहेच."

लिपिकांनी न सांगता कागद पुढे केला.

परीक्षेला सोळा दिवस उरले होते. मागचा बाक ज्यादा तासाला परत आला, आणि ती लांब फळीही आली. सर आधी मुलांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला माफ करा." लांब्या एवढा गोंधळला की "असू द्या सर, चालतं" असं बोलून गेला, आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले, डोळे पुसत.

परीक्षकबाई आता तीनऐवजी पाच दुपारी यायला लागल्या. त्यांनी नऊ जणांना लहानात लहान छेद शोधायला शिकवलं, आणि प्रश्नात करवतीचा उल्लेख नसेल तर करवत घरी ठेवायची हेही शिकवलं. मिस्त्री कामातून वेळ काढून मागच्या बाकावर बसायचा. चिमणी त्याच्या पुढ्यात पाटी धरायची. अ, आ, इ. त्याला तोडलेलं लाकूड जोडता यायचं, पण जोडाक्षर बघितलं की तो घामाघूम व्हायचा. लिपिक जाता-येता डोकावून म्हणायचे, "मिस्त्री, तुमचं-माझं सारखंच. मला गणिताचं तसंच होतं."

परीक्षा झाली. निकाल लागला त्या सकाळी फलकापुढे झुंबड उडाली. परीक्षकबाई गर्दीमागे थांबल्या. वाट करून कुणी पुढे गेलं असेल तर तो मिस्त्री. त्याने तर्जनी काचेवर टेकवली आणि वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत, मध्येच मागे येत. मागून कुणी ढकललं नाही. कुणी "पुढे मी वाचतो" असंही म्हणालं नाही. एक नाव, दुसरं नाव. चिमणीचं नाव आलं तेव्हा तिने त्याचा सदरा घट्ट धरला. आठ नावं सापडली. नववं नाही.

शेजारी दुसरा छोटा कागद होता. पुन्हा परीक्षा द्यावी लागणाऱ्यांचा. तोही त्याने वाचला. लांब्या तीन गुणांनी राहिला होता.

लांब्या भिंतीला टेकून बुटांकडे बघत उभा होता. मिस्त्री त्याच्याजवळ गेला, मान मागे टाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तीनच ना? सकाळी साडेआठला ये शेडमध्ये. आणि सरांना सांग, खडू घेऊन या म्हणावं."

"मी पण येते," परीक्षकबाई म्हणाल्या.